जुनी मिलिटरी जीप घ्यायचीय, गडहिंग्लज साईडला एक सापडलीय. आधी काय बघू?

टाकळीचा_नातू

नमस्कार मंडळी. मी मूळचा सैनिक टाकळीचा, नोकरी शिरोली एमआयडीसीत. आजोबा एएससीत, म्हणजे फौजेच्या रसद-वाहतूक दलात, ड्रायव्हर होते, ६५ च्या लढाईत गाडी चालवलेली, आणि मी लहानपणापासून जीप, वन टन, शक्तिमान ह्या फौजी गाड्यांच्याच गोष्टी ऐकत मोठा झालोय. गेल्या वर्षी आजोबा गेले. तेव्हापासून मनात आहे की एक जुनी फौजी गाडी घ्यायची, नुसती दारात उभी करायला नाही, स्वतः राखायची, रविवारी आजीला पुढं बसवून जोतिबाला न्यायची.

गडहिंग्लज साईडला एक सापडलीय. मालक म्हणतोय १९४४ ची अमेरिकन विलीज, युद्धानंतर फौजेनं विकून टाकलेल्या डिस्पोजलची. साडेचार लाख सांगतोय. इंजिन चालू होतंय, थोडा निळा धूर आहे. रंग मिलिटरी हिरवा, नंबर प्लेटवर फौजी गाड्यांसारखा बाण काढलाय. आरसी बुक जुनं वहीसारखं, त्यावर नाव मालकाच्या वडिलांचं, ते वारलेत. पुढच्या जाळीला उभ्या सात फटी, मागं फाळका उघडतो. मला चालवता चांगली येते पण पान्हा कधी हातात धरलेला नाही. घेऊ का? आणि घेतली तर कोल्हापुरात काम कोण करतं, सामान मिळतं का, जाणकारांनी सांगा.

उद्यमनगरी

भावा आधी एक रुपया देऊ नको, टोकनसुद्धा नको. सात फटी आणि फाळका म्हटल्यावरच मला शंका आली. युद्धातल्या विलीज एमबीला आणि फोर्डनं बनवलेल्या जीपीडब्ल्यूला जाळीत नऊ फटी असतात आणि मागं फाळका नसतोच, सलग पत्रा असतो, त्यावर स्टेपनी आणि जेरीकॅन. सात फटी युद्धानंतरच्या सिव्हिलियन सीजे मॉडेलला आल्या. आता जाळी कुणीपण बदलू शकतं म्हणून अजून दोन गोष्टी बघून ये. पेट्रोल कुठनं भरायचं? एमबीला ड्रायव्हरची सीट उचलून खाली टाकीचं झाकण असतं, सीजेला बाहेरून बॉडीच्या डाव्या अंगाला. आणि हेडलाईट बघ, एमबीचे जाळीच्या मागं आत बसवलेले असतात आणि उलटे फिरवले की रात्री इंजिनवर उजेड पडतो. बाहेर आलेले मोठे हेडलाईट असले तर ती ४४ ची नाही.

निळ्या धुराचं टेन्शन घेऊ नको. ऑईल जळतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील नाहीतर व्हॉल्व्ह गाईड. बोअर, लायनर, क्रँक ग्राइंडिंग सगळं इथं आपल्या उद्यमनगरात होतंय, ज्या गल्ल्यांनी एवढी वर्षं शेतकऱ्याला ऑईल इंजिनं बनवून दिली त्यांना चार सिलिंडरचं जीपचं इंजिन जड नाही. एखादा कास्टिंगचा तुकडा फुटला आणि बाजारात मिळाला नाही तर पॅटर्न करून ओतूनसुद्धा घेता येतो, ही सोय दुसऱ्या गावातल्या जीपवाल्यांना नाही. पत्रा बदलता येतो, इंजिन बांधता येतं. चेसिसवरचा नंबर मात्र आहे तोच राहिला पाहिजे, म्हणून वायर ब्रश आणि हातातली बॅटरी घेऊन जा आणि चेसिस घासून नंबर स्वतःच्या डोळ्यानं वाच. जुन्या जीपच्या नावाखाली उत्तरेकडं नव्या पत्र्यातून जोडलेल्या गाड्या भरपूर फिरतात, दिसायला झकास, पण कागदावरची गाडी एक आणि समोरची दुसरी.

टाकळीचा_नातू

दादा आत्ताच मालकाकडनं व्हिडिओ मागवला. टाकी बाहेरून भरायची आहे, हेडलाईट मोठे आणि बाहेर आलेले. बॉनेट पण लई उंच वाटतंय, फोटोत बघितलेल्या विलीजपेक्षा. म्हणजे फसवतोय का मला? मन खट्टू झालं.

माजी_ईएमई

नातू साहेब, खट्टू होऊ नका. तुम्ही सांगताय त्यावरून ती महिंद्राची सीजे थ्री बी दिसते. बॉनेट उंच असायचं कारण तिचं इंजिन. क्षमता जुन्या विलीजएवढीच, २१९९ सीसी, पण जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला असत, हिच्यात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये घेतला, इंजिन उंच झालं म्हणून बॉनेट वर न्यावं लागलं. मालक खोटं बोलत असेलच असं नाही, आपल्याकडं प्रत्येक जुन्या जीपला लोक विलीजच म्हणतात आणि वडिलांनी सांगितलेलं साल मुलगा पुढं सांगतो. पण दर मात्र ४४ चा देऊ नका.

आणि एक सांगतो. तुमचे आजोबा ६५ ला एएससीत होते म्हणजे त्यांच्या हाताखालून गेलेली जीप बहुतेक महिंद्राचीच, ४४ ची अमेरिकन नव्हे. असल उत्तरला अब्दुल हमीद यांनी पॅटन टँक फोडले ते जीपवर बसवलेल्या आरसीएल ह्या रणगाडाविरोधी गननंच. तुम्हाला आजोबांची गाडी पाहिजे असेल तर हीच ती आहे, मिलिटरीत कधी नसली तरी जात तीच.

मी चोवीस वर्षं ईएमईत, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती दलात, व्हेईकल मेकॅनिक होतो, जीप, जोंगा, वन टन, शक्तिमान सगळ्यांच्या खाली झोपलोय. फौजेतली गाडी टिकायची ती फर्स्ट परेडमुळं. आजोबांच्या तोंडून हा शब्द ऐकला असेल. सकाळी स्टार्टर मारायच्या आधी ऑईल, पाणी, पेट्रोल, बॅटरी, हवा, फॅन बेल्ट आणि गाडीखाली जमिनीवर काय सांडलंय ते बघायचं. वाटेत थांबलं की हॉल्ट परेड, चारी चाकांच्या मधल्या हबला हात लावून बघायचा, एकच जास्त तापलं असेल तर बेअरिंग नाहीतर ब्रेक धरतोय. संध्याकाळी लास्ट परेड, गाडी पुसून, टाकी भरून, जे सापडलं ते वहीत लिहून ठेवायचं. नवीन गाडीत हे कुणी करत नाही, चालतंय. साठ वर्षांच्या गाडीत नाही चालत. पान्हा धरता येत नाही म्हणालात, पण ह्यातल्या निम्म्या गोष्टींना पान्हा लागतच नाही, डोळे आणि तळहात लागतात.

पान्हा धराल तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवा. ह्या जीपांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट बहुतेक उलट्या आट्याचे असतात, टायरवाल्या पोराला आधीच सांगा, नाहीतर तो पाईप लावून जोर करतो आणि स्टड तुटतो. दुसरं, कुणी हौसेनं मिलिटरीचे दोन भागांचे बोल्टवाले रिम घातले असतील तर टायरमधली हवा पूर्ण काढून, व्हॉल्व्हची पिन बाहेर काढूनच ते बोल्ट सोडायचे. हवेसकट सोडला तर रिम बंदुकीच्या गोळीसारखा उडतो, ह्यात माणसं गेलेली आहेत. तिसरं, जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर तुमच्या पायाखाली फ्लोअरच्या खाली आहे, पावसाचा चिखल बरोबर तिथंच बसतो. ब्रेक ऑईल पाणी ओढून घेतं, म्हणून दोन वर्षांनी सगळं बदलाच, जोतिबाचा उतार लहान नाही.

कसबा_बावडा

काकांनी गाडीचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो कारण मी ठेचकाळलोय. बारा वर्षांपूर्वी एका एजंटकडनं आर्मी लिलावातली म्हणून जीप घेतली, आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळत नव्हता, तो म्हणाला होऊन जाईल. दोन वर्षं गाडी ताडपत्रीखाली आणि मी हेलपाटे घालतोय. शेवटी पार्ट पार्ट करून विकली, अजून वाईट वाटतं.

तुझ्या केसमध्ये मालकाचे वडील वारलेत ना, तर आधी त्यानं वारस म्हणून स्वतःच्या नावावर करून घ्यायची, फॉर्म ३१, मग तुला विकायची, २९ आणि ३०. बाकीच्या वारसांची संमती पण लागेल. तू मधला टप्पा गाळून सह्या घेऊ नको. नोंदणीची मुदत बघ, खाजगी गाडी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासून रिन्यू करावी लागते, किती वर्षं थकलीय ते विचार. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून प्रिंट स्वतः घे आणि आरसीशी ताडून बघ.

गाडी ५० वर्षांच्या वरची असली तर २०२१ च्या नियमानं व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला २० हजार फी, १० वर्षांची मुदत, नंबरात व्हीए येतं. पण ती गाडी मग रोज रस्त्यावर काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. तुला आजीला दर रविवारी न्यायचंय, त्यामुळं साधी नोंदणी जिवंत असेल तर तीच जिवंत ठेव.

आणि तो हिरवा रंग. मोटार वाहन नियमात ऑलिव्ह ग्रीन फक्त डिफेन्सच्या गाड्यांना आहे, १९८९ च्या नियमांतला १२१ नंबर. बाण तर पहिल्याच दिवशी पुसून टाक. आरसीवर कुठला रंग लिहिलाय बघ आणि तोच मार. फौजेच्या खुणा फौजेच्याच गाडीवर राहाव्यात असं मला मनापासून वाटतं.

जोंगावाली

आमच्या पप्पांनी जोंगा ठेवलीय, जबलपूरला बनलेली फौजी गाडी, निसानचं सहा सिलिंडरचं ३९५६ सीसी पेट्रोल इंजिन. लिटरला चार-पाच किलोमीटर. त्या मानानं तुमची जीप गरिबाची आहे, सामानही जीपचं पटकन मिळतं, आम्हाला एका ऑईल सीलसाठी महिना महिना थांबायला लागतं. म्हणून पहिली गाडी म्हणून जीपच घ्या.

मला सांगायचंय ते पेट्रोलचं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, त्यात आपल्या उसाचंही असतं, चांगलंच आहे, पण ह्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनलेले नाहीत. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा, होज, कार्बोरेटरचे पॅकिंग फुगतात, मऊ पडतात. होज सगळे इथेनॉल चालणारे बदलून घ्या, टाकीजवळचा लपलेला तुकडा विसरू नका, आमच्याकडं तोच गळत होता आणि सायलेन्सरच्या वर थेंब पडत होते, नशीब वेळेत वास आला. आग विझवायचा सिलिंडर गाडीत ठेवाच. इथेनॉल पाणी ओढतं म्हणून गाडी महिनाभर उभी करायची असेल तर जुनं पेट्रोल तसंच ठेवू नका, आत टाकी गंजते. दर आठवड्याला वीस मिनिटं तरी चालवा.

एप्रिलमध्ये पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढं चढाला आमची गाडी बंद पडलेली, सगळे म्हणाले इग्निशन कॉइल गेली. पप्पांनी पेट्रोलच्या पाईपवर ओलं फडकं टाकलं, पंधरा मिनिटं थांबलो, चालू. पाईपमध्ये पेट्रोलची वाफ होऊन अडकते. तेव्हापासून पाईप तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून लांब वळवलाय आणि पाण्याची बाटली, फडकं कायम सीटखाली.

टाकळीचा_नातू

सगळ्यांचे मनापासून आभार. काका तुमचं वाचून आजीला विचारलं, फर्स्ट परेड माहितीय का. ती म्हणाली तुझे आजोबा रिटायर झाल्यावर सायकलची पण रोज सकाळी करायचे. आजोबांची ट्रंक उघडली तर जीपजवळ उभं राहून काढलेला एक फोटो मिळाला, फटी मोजल्या, सात आहेत. बॉनेट उंच.

रविवारी जातोय गडहिंग्लजला, वायर ब्रश, बॅटरी, पेन्सिल आणि कागद घेऊन. मालकाशी बोललो, वारस नोंद आधी करून द्यायला तो तयार आहे. उद्यमनगरी दादा, नंबर जुळला तर इंजिनचा आवाज ऐकायला येशील का एकदा?

उद्यमनगरी

येतो की. फक्त मालकाला सांग, मी पोचेपर्यंत इंजिन चालू करू नको म्हणावं. थंड इंजिनाचा पहिला स्टार्ट मला बघायचाय.