मदत हवी आहे: कोल्हापुरात शांतारामबापूंच्या (सिनेमावाले व्ही. शांताराम) सिनेमाच्या जागा चालत फिरून दाखवणारं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी, मी बेळगावची, शहापूरला राहते. बाबांसाठी विचारतेय. बाबा आता ७८ वर्षांचे, आमच्या इथल्या एका टॉकीजमधे जन्मभर ऑपरेटर होते, कार्बन पेटवून मशीन चालवायच्या काळातले, रीळ तुटलं की खाली शिट्ट्या सुरू व्हायच्या आत जोडून परत चालू करायचे. गेली दोन वर्षं त्यांचं एकच चाललंय, मला एकदा कोल्हापूरला ने आणि शांतारामबापूंनी जिथं जिथं काम केलं तिथं चालत फिरव.

त्यामागं एक कारण आहे. शांतारामबापू पोरवयात हुबळीला होते, रेल्वेच्या वर्कशॉपमधे काम करायचे आणि तिथल्याच पत्र्याच्या टॉकीजमधे दारावर उभं राहण्यापासून बोर्ड रंगवण्यापर्यंत पडेल ते करायचे. बाबा म्हणतात, आमच्यासारखाच टॉकीजच्या दारातला पोरगा आणि कुठल्या कुठं गेला बघ. हुबळी आमच्यापासून शंभरेक किलोमीटर, कोल्हापूर तिकडच्या अंगाला जवळजवळ तेवढंच, आम्ही बरोब्बर मधे, म्हणून पण असेल, त्यांना हा माणूस घरचाच वाटतो.

मागं एकदा टूरच्या गाडीतून गेलो होतो. अंबाबाई, पन्हाळा, जोतिबा सगळं नीट झालं, पण स्टुडिओ म्हणून गाडीच्या खिडकीतून एक भिंत दाखवली आणि गाडी पुढं गेली. बाबा परतीच्या वाटेवर निपाणी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. म्हणून यावेळी गाडी नको, पायीच फिरायचंय, आणि सोबत माहिती असलेलं माणूस पाहिजे.

मी जमवलेलं असं आहे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे तिथून सुरुवात करायची. बाबूराव पेंटर आणि दामल्यांनी स्वतः कॅमेरा बनवला, त्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० ला आला आणि शांतारामबापू पण त्याच सुमाराला कंपनीत शिरले. बाबांना इथं अर्धा तास तरी लागणार, कॅमेऱ्याचं गिअर कसं कापलं, फिल्म कशी धुवायचे असलं सगळं ते विचारणार. मग केशवराव भोसले नाट्यगृह, २०२४ च्या ऑगस्टमधे आग लागली ते, बाहेरून बघितलं तरी चालेल. मग मंगळवार पेठेत जयप्रभा. तो भालजी पेंढारकरांचा सिनेमा स्टुडिओ, शांतारामबापूंचा नाही, पण १९४८ ला जळून परत उभा केला हे बाबा मला लहानपणापासून सांगत आलेत, तेव्हा तो चुकवता येत नाही.

आता खरी अडचण. १ जून १९२९ ला प्रभात, म्हणजे शांतारामबापू आणि भागीदारांची फिल्म कंपनी, कोल्हापुरातच सुरू झाली, 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, म्हणजे मराठीतला पहिला बोलपट इथंच झाला, १९३३ ला मंडळी पुण्याला गेली. पुण्याची जागा सगळ्यांना ठाऊक आहे, तिथं आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पण ही कोल्हापुरातली चार वर्षं नेमकी कुठल्या गल्लीत गेली, ते तिथं उभं राहून बोट दाखवून सांगणारं कुणी आहे का? आता तिथं काहीही असू दे, दुकान, बिल्डिंग, मोकळी जागा, बाबांना फक्त तिथं उभं राहायचंय.

अजून थोडं. बाबांचा एक कान मशीनच्या आवाजानं गेलाय त्यामुळं वीस-पंचवीस लोकांच्या ग्रुपमधे त्यांना काही ऐकू येणार नाही, आम्ही दोघंच असू, मानधन जे असेल ते देऊ. गुडघे दुखतात, दर पंधरा मिनिटांनी टेकायला कट्टा लागतो, तर पूर्ण चालणं जमेल का मधे रिक्षा करावी? जयप्रभाच्या गेटच्या आत जाता येतं का, परवानगी लागत असेल तर कुणाला भेटायचं? आणि रंकाळ्याकडं शालिनी सिनेटोन या जुन्या स्टुडिओची जागा त्याच दिवशी धरावी की दुसऱ्या दिवशी सकाळी?

१८ नोव्हेंबर, म्हणजे शांतारामबापूंचा जन्मदिवस, हीच तारीख बाबांनी धरून ठेवलीय. आदल्या दिवशी संध्याकाळीच येऊन मुक्काम करू म्हणते, कारण सीमेवर कायतरी झालं की पहिल्यांदा बस बंद होतात आणि मग त्यांचा दिवस हुकायचा. कोल्हापूरकरांनी प्लीज सांगा, नंबर इथं टाकू नका, मला मेसेज करा.