मदत हवी आहे: साडेचार वर्षांच्या मुलाची बद्धकोष्ठता आणि शौचाला बसण्याची भीती

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझ्या साडेचार वर्षांच्या मुलाच्या पोटाची तक्रार मे महिन्यापासून चालू आहे. घडले ते क्रमाने सांगते, कारण त्यात माझ्याकडून एक मोठी चूक झाली आणि ती दुसऱ्या कोणाकडून होऊ नये असे मनापासून वाटते.

मे महिन्यात एकदा त्याला खडा झाला, थोडे रक्तही आले आणि तो फार रडला. तेव्हापासून शी लागली की तो पडवीतला खांब दोन्ही हातांनी धरून चवड्यांवर उभा राहतो. मांड्या घट्ट आवळलेल्या, कपाळावर घाम, आणि विचारले तर ‘नाही लागली’ एवढेच उत्तर. तो कुंथतो आहे असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात तो शी आत धरून ठेवत होता. जुलैमध्ये त्याच्या चड्डीला दिवसातून पाच-सहा वेळा पातळ डाग लागू लागले. जुलाबच झाले असे धरून मी आणि सासूबाईंनी फळे बंद केली, मऊ भात सुरू केला आणि सकाळ-संध्याकाळ सहाणेवर जायफळाचे वेढे उगाळून चाटवले. चार दिवसांत पोट दगडासारखे झाले आणि जेवण सुटले.

कणकवलीच्या बालरोगतज्ज्ञांनी पोट चाचपून सांगितले की हे जुलाब नव्हेतच. साचलेल्या कडक मळाच्या कडेने वरचा पातळ मळ झिरपतो आणि मुलाला ते कळतही नाही. मळ जितका आत राहतो तितके आतडे त्यातले पाणी शोषून घेते, खडा आणखी मोठा होतो, दुखणे वाढते आणि दुखण्याच्या भीतीने मूल आणखी धरून ठेवते. त्यांनी पाण्यात मिसळून घ्यायची पॉलिएथिलीन ग्लायकॉलची भुकटी दिली. तिने फरक पडला. पण ‘औषधाची सवय लागेल’ असे घरातल्या आणि शेजारच्या मोठ्या माणसांनी वारंवार म्हटल्यामुळे बाराव्या दिवशी मी ती थांबवली. आठवड्याभरात तो पुन्हा खांबाला धरून उभा राहिला.

आता त्याच्या खाण्याविषयी. तो माशाचे कालवण-भात आवडीने खातो, कुळथाची पिठी खातो, दिवसातून तीन मोठे पेले दूध बिस्किटांसह पितो. भाजीला मात्र हात लावत नाही. पौष्टिक म्हणून रोज सकाळी नाचणीचे सत्त्व देते. आत्तेसासूबाई एरंडेल द्यावे म्हणतात, त्याला माझे मन धजत नाही.

ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी कृपया सांगावे: दूध कसे कमी केले, आपल्याकडच्या कोणत्या पदार्थांचा खरोखर उपयोग झाला, आणि शौचाला बसण्याची भीती कशी गेली? आमचा संडास मागच्या परसात आहे. पावसात तिथे एकदा बेडूक अंगावर उडाला, तेव्हापासून तो दारातूनच परत फिरतो.

प्रतिसाद १
ताई, माझी मुलगी याच वयात यातून गेली, म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही दापोलीकडचे. सर्वांत आधी एरंडेलाविषयी: ते आतड्याला जोराने ढवळते, कळा येतात, आणि कळांनी मुलाची भीती दुप्पट होते. ते देऊ नका. भुकटीचे उलट आहे. ती जवळजवळ शरीरात शोषली जात नाही, मळातले पाणी टिकवून तो मऊ ठेवते आणि तिची सवय लागत नाही. ताणलेले गुदाशय पूर्ववत होऊन शी लागल्याची जाणीव परत यायला वेळ लागतो. आम्हाला किमान दोन महिने आणि त्रास पूर्ण थांबल्यावरही आणखी महिनाभर औषध घेऊन मग हळूहळू कमी करायला सांगितले होते. साचलेला खडा निघण्याआधी नुसता चोथा वाढवला तर पोट आणखी फुगते, म्हणून पुन्हा त्याच डॉक्टरांना विचारून औषध सुरू करा आणि आहार त्याच्या जोडीला ठेवा.

तुमच्या यादीत मला एक गोष्ट प्रकर्षाने दिसली. मासळीत चोथा नसतो, भातात फार थोडा असतो, आणि नाचणीचे सत्त्व करताना आपण ती वस्त्रगाळ करतो, म्हणजे नेमका कोंडाच टाकून देतो. सत्त्वाऐवजी नाचणीची भाकरी किंवा न गाळलेल्या पिठाची आंबील द्या. पिठीसाठी कुळीथ भरडून साल पाखडतात. मोड आलेल्या कुळथाची मऊ उसळ केली तर साल पोटात जाते. या वयाला दिवसाला साधारण ९ ग्रॅम चोथा पुरतो (वय अधिक ५ असा हिशेब आम्हाला सांगितला होता), त्यामुळे भाजीसाठी रोज भांडण्याची गरज नाही. परसातली पिकलेली पपई, पेरू, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका कुस्करून, उकडलेले रताळे, भाकरीच्या पिठात बारीक चिरलेला शेवग्याचा पाला एवढ्याने आमचे काम झाले. केळे द्यायचे तर पूर्ण पिकलेले द्या. पाणी मात्र आठवणीने पुरेसे पाजा, कारण पाण्यावाचून चोथा उलट घट्ट होतो.

दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणा. आम्ही पेला लहान केला आणि दुपारचे दूध बंद करून कोकमाचे सार सुरू केले. दुधाने पोट भरलेले मूल जेवत नाही, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले.

हिरवी उलटी, फुगलेले पोट, ताप, घटणारे वजन किंवा पुन्हा रक्त दिसले तर घरी थांबू नका.

प्रतिसाद २
सूनबाई, जेवणानंतर आतडे आपोआप हलते, म्हणून दोन्ही जेवणांनंतर पाच ते दहा मिनिटे बसवावे. शी झाली नाही तरी रागावू नये. आमच्या नातवाला पावसाळाभर पडवीतच भांड्यावर बसवले आणि पाय टेकायला पाट दिला. पाय लोंबकळत राहिले तर जोर करता येत नाही. संडासाचा आग्रह पाऊस सरल्यावर करावा, तोपर्यंत तिथे दिवा लावून घ्यावा.

मूळ लेखिका
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. सत्त्वाची गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी आजच नाचणीचे पीठ न चाळता डब्यात भरले. शनिवारी कणकवलीला जाऊन भुकटीचे प्रमाण पुन्हा विचारून घेते. आज दुपारी जेवणानंतर त्याला पडवीत भांड्यावर बसवले होते, पायाखाली पाट होता. शी झाली नाही, पण तो खांबाकडे गेला नाही. जायफळाने आणि मळ साचल्याने आतड्याला काही कायमची इजा झाली असेल का, हा प्रश्न मला अजून छळतो. कोणास अनुभव असल्यास अवश्य लिहावे.