मदत हवी आहे: बाबांना डावीकडचं दिसत नाही

नमस्कार मंडळी. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचे हातपाय सावरले, पण दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसेना झालंय. डोळे ठीक आहेत. मेंदूच्या उजव्या मागच्या भागाला इजा झाली, त्यामुळे चष्मा बदलून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी पेरिमेट्रीनंतर (नजरेचा आवाका मोजणारी तपासणी) सांगितलं.

ताटात डावीकडची चटणी, कोशिंबीर तशीच राहते. पेपर वाचताना ओळीची सुरुवात सापडत नाही. डाव्या समासावर लाल पट्टी ठेवतो, त्यानं थोडं सोपं जातं. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीत तर डावीकडून माणूस एकदम पुढ्यात येतो, धक्का लागतो, आणि लोकांना वाटतं मुद्दाम केलं. हे त्यांना फार लागतं. आता बाहेर पडायलाच नको म्हणतात. (मोटारसायकल बंद केली आहे, काळजी नसावी.)

मान आणि नजर मुद्दाम डावीकडे फिरवायचा सराव शिकवणारं कोल्हापूर-सांगली भागात कुणी माहीत आहे का? कुणी घरी करून घेतला असेल तर रोज किती वेळ, कसा? आणि कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी दृष्टिक्षेत्राचा कोणता रिपोर्ट न्यावा लागतो? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.