दोन पेग मारल्यावर पोकर 'खुलतो' म्हणणाऱ्यांसाठी

सिंहगडरोडकर:
काल इथे एकानं लिहिलं की दोन पेग पोटात गेले की पोकर खुलतो, भीती जाते, ब्लफ मारताना हात कचरत नाही. खाली "एकदम बरोबर" म्हणणाऱ्यांची रांग लागली म्हणून रात्री लिहायला बसलोय. भीती जाते हे खरंय, पण या खेळात भीती कामाची असते हो. बहुतेक हात, म्हणजे वाट्याला आलेले पत्ते, गप टाकून द्यायचे असतात आणि दारू नेमकं तेच करू देत नाही. गेल्या गटारीला मुळशीजवळ मित्राच्या फार्महाऊसवर बसलो होतो. साडेआठला, ग्लास भरायच्या आधी, माझ्याकडे दोन बदाम, फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, दोन बदाम, मधे जमलेला पॉट 400 चा आणि समोरचा ऑल-इन, म्हणजे त्याचे सगळे 1200 आत. मी पत्ते टाकले, कारण नऊ बदाम बाकी, दोन पत्ते यायचे, म्हणजे पाच बदामांचा कलर लागायचा चान्स साधारण 35 टक्के, आणि माझे धरून होणाऱ्या 2800 साठी 1200 घालायचे तर 43 टक्के तरी पाहिजेत. साडेबाराला तिसऱ्या पेगवर तसाच हात आला, या वेळी किलवरचा. हिशोब डोक्यात आलाच नाही, "लागणार रे" म्हणत सगळं आत ढकललं आणि रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पत्त्याला, चौकटची तिर्री. वाईट याचं वाटतं की त्या क्षणी मला वाटत होतं मी भारी खेळतोय.

पत्तेवाला_कोथरूड:
एका हातावरून नियम काढू नका. दारू न पिताही लोक कलरच्या मागे धावतातच की. माझा स्वभाव घाबरट, हातात राण्यांची जोडी असली तरी टेबलावरच्या उघड्या पत्त्यांत राजा दिसला की मी पळतो, आणि एक बिअर घेतली की तोच हात नीट खेळतो हे माझ्या ग्रुपला विचारा. 2008 च्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये स्कॉटी न्यूएन या व्यावसायिक खेळाडूनं फायनल टेबलवर पीत पीत 50,000 डॉलर एन्ट्रीची हॉर्स (पाच प्रकारच्या पोकरची) स्पर्धा मारली, त्याचं काय?

सिंहगडरोडकर:
जिंकलेला टीव्हीवर दिसतो, पिऊन हरलेले कोण दाखवणार? आणि लास वेगासच्या कसिनोत खेळत बसलेल्याला दारू फुकट देतात ती कशासाठी देत असतील याचा विचार करा.

पत्तेवाला_कोथरूड:
पोकरमध्ये कसिनो प्रत्येक पॉटमधून रेक, म्हणजे आपला कट, घेतो, तुम्ही हरा नाहीतर जिंका. तुमचं उदाहरण रूलेटला लागू पडतं, जिथे तुम्ही हरलात की पैसे कसिनोला जातात, इथे नाही.

सिंहगडरोडकर:
रेकचं मान्य, उदाहरण चुकलं. मुद्दा चुकला नाही.

कर्वेनगर_७२:
दारूचं राहू द्या, मला न पिणाऱ्यांबद्दल बोलायचंय. आमच्यात एक जण तीन वर्षं लिंबू सरबत घेऊन बसतो. बाटली तोच आणतो, आग्रह करकरून सगळ्यांचे ग्लास तोच भरतो आणि पहाटे तीनला सगळ्यांचे पैसे घेऊन निघतो. मित्रांना पाजून लुटायचं ही दोस्ती नाही, माझ्या मते ही चोरी आहे.

धायरीची_मोठी_सून:
चोरी? मी पण न पिता खेळते, तेव्हा हे मलाच लागलं. दिवाळीत सासरी तीन पत्ती असते, पोकर दोन वर्षांपासून. मी बसले की दीर म्हणतात वहिनी चिकट आहेत, पॅकच करतात. अहो, रात्री दीडला चकणा संपला की तळायला कोण उठतं? मी. परत येईपर्यंत माझे दोन डाव गेलेले असतात. तरी गेल्या पाडव्याला तीन हजार जिंकले, ते कुणाला पाजून नाही. एक दीर पत्ते उचलले की लगेच ग्लास तोंडाला लावतात, आणि हात चांगला असला की ग्लास टेबलावर तसाच राहतो. पाच जण बसलेले, दिसलं फक्त मला.

कर्वेनगर_७२:
तुम्ही पाजत नाही, मग तुम्हाला म्हटलंच नव्हतं. पण भावाचे हात ढिले पडलेत हे दिसत असताना पैसे घ्यायचे का, याचं उत्तर द्या.

धायरीची_मोठी_सून:
द्यायला तयार आहे. त्यांनी आधी भजी तळावीत.

पत्तेवाला_कोथरूड:
ताई, विषय भजीचा नाहीये!

धायरीची_मोठी_सून:
तुमच्यासाठी नसेल. मी तीन तास चुलीपाशी आणि टेबलापाशी येरझाऱ्या घातल्यात, माझ्यासाठी आहे.

बाणेर_नाईट:
दोन्ही बाजूंनी पैशांचंच चाललंय. आमच्यातला एक जण हरल्याच्या रागात चाव्या उचलून निघाला, चांदणी चौकाच्या अलीकडे नाकाबंदीत सापडला. नशीब की फक्त सापडला. रक्ताच्या 100 मिलीमध्ये अल्कोहोल 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा, पहिल्या वेळी 10,000 दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेव्हापासून आमच्याकडे चाव्या आधी डब्यात, मग पत्ते.

पत्तेवाला_कोथरूड:
चाव्यांचं शंभर टक्के पटलं. सिंहगडरोडकर, तुमचंही अर्धं पटलं, दोनच्या पुढे माझाही खेळ बिघडतो, गेल्या महिन्यात चौथ्या बिअरनंतर सत्ता-दुरीसारख्या सगळ्यात फालतू हातावर ऑल-इन गेलो होतो. पण एका बिअरवर मी ठाम आहे.

सिंहगडरोडकर:
एका बिअरचे हात लिहून ठेवा, न पिता खेळलेलेही ठेवा. दिवाळीपर्यंत दोन्ही वह्या समोर ठेवून बोलू.

कर्वेनगर_७२:
आणि वहिनी, ते तीन हजार?

धायरीची_मोठी_सून:
दिरांनी मागितले नाहीत. शुद्धीवर मागितले असते तर दिले असते.