शिफ्टची नोकरी आणि घराचा हप्ता: ध्यान-दान कसं सांभाळता?

चाकण_लाइन३

जय भीम, नमो बुद्धाय.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लाइन सुपरवायझर आहे. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. गाव उदगीरकडचं, राहायला पिंपरीत. घरात आई, बायको आणि सात वर्षांची मुलगी. दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा टाकली आणि इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं शिबिर केलं. पहाटे चारची घंटा, आर्य मौन, पहिले तीन दिवस आनापान म्हणजे फक्त श्वास बघणं, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे शरीरातल्या बदलत्या संवेदना बघणं. मनापासून केलं. निघताना सांगतात की घरी रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा.

ते जमत नाहीये. नाइट संपवून सकाळी सव्वासातला बसमधून उतरतो, अंघोळ करून बसतो आणि दहा मिनिटांत मान खाली जाते. सेकंड असली की घरी यायलाच रात्रीचे साडेबारा होतात. आई म्हणते, सकाळी त्रिशरण-पंचशील घे, वंदना म्हण, घरसंसाराच्या माणसाला तेवढं पुष्कळ. लाइनवरचा एक मित्र म्हणतो, डोळे मिटून बसणं हा बाबासाहेबांचा मार्गच नाही.

दुसरं विचारायचंय दानाबद्दल. पगार हातात 42,000 येतो, घराचा हप्ता 17,500. विहाराला फरशी बसवायची वर्गणी, जयंतीची वर्गणी, भंतेजींचं भोजनदान, आणि गावाकडे चुलतभाऊ नर्सिंगला आहे त्याची फी. विसावा हिस्सा द्यावा हे लहानपणापासून ऐकलंय, म्हणजे 2,100 रुपये. हप्ता चालू असताना द्यायचे का, आणि नेमके कुणाला? नोकरी करून ज्यांनी हे सांभाळलंय त्यांनी लिहावं.

उपासिका_नागपूर

भाऊ, जय भीम. मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, आता निवृत्त आहे. नाइट ड्यूटीत नोकरी गेली, त्यामुळे तुमची मान का पडते ते मला कोणी समजावून सांगायला नको.

पण आधी दानाबद्दल लिहिते, कारण क्रमच तसा आहे: दान, शील, भावना (म्हणजे ध्यान). आपण शिबिर करून आलो की तिसऱ्या पायरीवर उभं राहून पहिलीकडे बघतो. दान म्हणजे वर्गणीची पावती आणि ध्यान म्हणजे खरी साधना, असं मनात बसतं. माझं ठाम मत आहे की घरसंसाराच्या माणसाची साधना हातापासून सुरू होते. तुम्ही धम्मगिरीवर दहा दिवस जेवलात, झोपलात, तिथे फी नसते. आधी शिबिर करून गेलेल्या कुणीतरी तुमच्यासाठी पैसे ठेवले होते. तो माणूस तुम्हाला कधी दिसणार नाही, पण तुमची साधना त्याच्या हातापासून सुरू झाली.

विसाव्या हिश्शाचं म्हणाल तर ते आमच्या नागपुरातलंच. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने कमाईचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा असं सांगितलं. समोर कोण होतं? गिरणीतले कामगार, विडी वळणाऱ्या बाया, शेतमजूर. ज्यांच्या घरी उद्याच्या पिठाची खात्री नव्हती त्यांच्याकडे त्यांनी मागितलं. म्हणून "हप्ता संपू दे, मग देऊ" हे मला पटत नाही. हप्ता संपेल तेव्हा मुलीचं कॉलेज सुरू होईल.

पण उसनं काढून दान करू नका. सिगालोवाद सुत्तात, म्हणजे गृहस्थासाठीच्या उपदेशात, भगवान बुद्धांनी कमाईचे चार भाग करायला सांगितलेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्यात, चौथा अडचणीच्या वेळेसाठी राखून. त्या चौथ्या भागाला हात लावू नका. 2,100 आज झेपत नसतील तर हजारापासून धरा, पण पगार झाल्या दिवशी, हप्ता कापला जायच्या आधी काढून ठेवा. महिनाअखेरीला जे उरतं ते द्यायचं ठरवलं तर काहीच उरत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पगारवाढ झाली की रक्कम वाढवा.

कुणाला द्यायचं हा प्रश्न कोसलच्या पसेनदी राजानेही विचारला होता. भगवंत म्हणाले, जिथे चित्त प्रसन्न होतं तिथे द्यावं. आणि लगेच पुढे हेही सांगितलं की महाफळ कुठे मिळतं हा वेगळा प्रश्न आहे, ते शीलवंताला दिलेल्या दानाचं. माझं चित्त विचाराल तर चुलतभावाची फी आधी. परीक्षेच्या फॉर्मची तारीख थांबत नाही, विहाराच्या फरशा थांबतात. फक्त फी भरल्याचं चार नातेवाइकांत बोलू नका, त्याला मान वर करून शिकू द्या.

एक गोष्ट मात्र दानात मोजू नका. तुमच्या लाइनवर कंत्राटी पोरं असतील. सिगालोवाद सुत्तातच हाताखालच्या माणसांबद्दल आहे: ताकद बघून काम द्या, जेवण आणि मजुरी वेळेवर द्या, आजारपणात सांभाळा, सुट्टी द्या. ते त्यांचं देणं आहे. पोराला ताप असताना त्याला मशीनवर उभं ठेवायचं आणि पौर्णिमेला खीर वाटायची, हे चालणार नाही.

आता माझ्या घरातलं सांगते. तांदळाच्या डब्याशेजारी एक लहान स्टीलचा डबा आहे. भाताला तांदूळ काढले की धुवायच्या आधी त्यातली एक मूठ त्या डब्यात जाते. पौर्णिमेला तो विहारात रिकामा होतो, तिथल्या जेवणात जातो. माझ्या आईकडून आलेली सवय आहे. महिनाअखेरीला डब्याचा तळ दिसायला लागला की मूठ आपोआप लहान होते, बोटं आवळतात, चार दाणे परत खाली पडतात. कितीतरी वर्षं मला ते कळलंसुद्धा नाही. श्वास बघायला शिकले त्यानंतर एकदा दिसलं: आधी छातीत काहीतरी आखडतं, मग बोटं आवळतात. आधी वेदना म्हणजे संवेदना, मग तृष्णा म्हणजे हाव, असं प्रवचनात ऐकलेलं माझ्या हातातच चाललं होतं. आता मूठ आवळली की थांबते, बघते, आणि हात सैल सोडते. आसनावर तासभर बसून जे बघायचं तेच हे आहे, आणि हे रोज सकाळी साडेनऊला घडतं.

म्हणूनच भगवंतांनी दानाची तीन अंगं सांगितली: देण्याआधी मन आनंदी, देताना प्रसन्न, दिल्यावर समाधानी. तिन्ही वेळा मनाकडे बघावंच लागतं. वर्गणीवाले दारात आले म्हणून पाकिटातून नोट काढली तर यातलं एकही होत नाही.

नाइटचं पुढच्या निरोपात लिहिते, नात हाका मारतेय.

उपासिका_नागपूर

हां, नाइट.

ड्यूटीवरून आल्यावर बसू नका. शरीर झोप मागतं, ते त्याचं खरंय. ड्यूटीला निघायच्या आधी बसा. मी गणवेश घालून, पर्स खांद्याला लावायची तेवढी बाकी ठेवून, खुर्चीत ताठ बसायची. मांडी घातलीच पाहिजे असं काही नाही. वीस मिनिटं, नाकपुड्या आणि वरच्या ओठाच्या मधल्या जागेवर श्वास. वीसच मिनिटं, पण तिन्ही शिफ्टमध्ये "निघण्याआधी" हीच वेळ. घड्याळाची वेळ बदलते, निघणं बदलत नाही.

दुसरं, चालणं. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजग राहण्याच्या उपदेशात, बसण्याइतकंच चालणं, उभं राहणं, हात वाकवणं, खाणं-पिणं सगळं आलंय. रात्री तीनला वॉर्डात राउंड घेताना मी कॉटच्या एका रांगेपुरती तळपायावर लक्ष ठेवायची. सलाइन संपलेली त्या रांगेत लवकर दिसायची, हे अनुभवाने सांगते. तुमच्या लाइनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तेवढं करा. फोर्कलिफ्टचा रस्ता सोडून, हे लक्षात ठेवा.

तिसरं, अंथरुणात पडल्यावर पाच मिनिटं आणि उठायच्या आधी पाच मिनिटं. विपश्यना शिकवणारे गोयंका गुरुजीही हे सांगत. त्यात झोप लागली तर लागू द्या.

एक-एक तास सुट्टीच्या दिवशी बसा. आणि आठवड्यातून एकदा सामूहिक बैठक कुठे होते ते शोधा, एकट्याने हे टिकत नाही.

भाजे_पायथा

ताईंनी सगळं लिहिलंय, माझी थोडी भर. मी लोणावळ्याजवळच्या भाज्याच्या शिबिरांत मैत्रीभावना शिकलो. आधी स्वतःबद्दल, मग जवळच्या मित्राबद्दल, मग ओळखीपुरत्या माणसाबद्दल, मग ज्याच्याशी पटत नाही त्याच्याबद्दल, आणि शेवटी सगळ्यांबद्दल मंगल कामना. सेकंड शिफ्टच्या बसमध्ये डोळे मिटून हे छान होतं. चौथ्या जागी तुमचा तो मित्र ठेवू नका, खरंच ज्याच्यावर राग आहे असा कुणी ठेवा.

वेलाम सुत्त आहे अंगुत्तर निकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या एका पाली संग्रहात. त्यात मोठमोठ्या दानांपेक्षा शरण जाणं मोठं, त्याहून शील, त्याहून क्षणभराची मैत्री, आणि टिचकी वाजेपर्यंतची अनित्यसंज्ञा, म्हणजे सगळं बदलतं याची जाणीव, सगळ्यांत वर. तेव्हा वीस मिनिटांना कमी समजू नका.

प्रतिज्ञा_22

दादा, तुमच्या मित्राची बाजू कुणीतरी मांडली पाहिजे. ध्यानाला माझा विरोध नाही. पण आमच्या वस्तीत मी बघतोय, लोक शिबिरं करतात, शांत होतात, आणि अभ्यासिकेचं छप्पर गळतंय त्याकडे बघायला कुणी नसतं. बाबासाहेबांनी धम्म दिला तो माणसामाणसातलं नातं बदलायला. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आता लोक हारांऐवजी वह्या-पेन आणतात, मला तेच खरं दान वाटतं. वेळही पैशाइतकाच मोलाचा आहे. सुट्टीच्या दिवशी दोन तास बसण्यापेक्षा दोन तास दहावीच्या पोरांना गणित शिकवा.

उपासिका_नागपूर

प्रतिज्ञा_22, भाऊ, छपराचं तुमचं अगदी बरोबर आहे, आणि ते दुखणं मलाही आहे. पण बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली अकरावी काढून बघा: अष्टांगिक मार्गाचा अवलंब करीन. सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी त्याच आठांत आहेत. लगेच बारावी दहा पारमितांची, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या दहा गुणांची, त्यात दान आहे, मैत्री आहे. बाबासाहेबांनी दोन्ही एकाखाली एक ठेवल्या. आपण त्यांच्यात भांडण का लावायचं?

दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. आमच्या गल्लीतल्या बाया पुरीभाजी करतात, मी औषधाच्या स्टॉलवर बसते. लांबून चालत आलेल्या म्हाताऱ्यांच्या टाचा फुटलेल्या असतात, चपलेच्या पट्ट्याखाली फोड असतो. पाय पुसायचा, फोड न फोडता पट्टी बांधायची, रक्तदाबाची गोळी घेतली का विचारायचं. बहुतेक जण पाय मागे ओढतात, "राहू द्या बाई" म्हणतात. दुपारपर्यंत मीही वैतागलेली असते, रांग संपत नाही, ऊन डोक्यावर, पाठ भरून येते. तिथे जर मी श्वासावर परत येऊ शकले नाही तर विसाव्या म्हाताऱ्याचा पाय मी पहिल्याच्या पायासारखा धरणार नाही. ध्यानाचा उपयोग मला तिथे लागतो. आणि ज्याला दोन तास गणित शिकवायचंय त्यालाही लागेल, तिसऱ्यांदा तीच चूक करणाऱ्या पोरावर खेकसण्याआधी.

प्रतिज्ञा_22

ताई, हे मान्य. छप्पर मात्र सोडणार नाही.

उपासिका_नागपूर

सोडूच नका. पैसे कमी पडले तर इथेच लिहा.

चाकण_लाइन३

सगळ्यांचे मनापासून आभार. "निघण्याआधी" हे आजपासून धरतो. चुलतभावाची फी या महिन्यात भरतो आणि बाकीचं हजारावर आणतो. कंत्राटी पोरांचं वाचून जरा थांबलो, त्यावर मला कारखान्यात बोलावं लागेल.

एकच राहिलं. आईला काय सांगू? मी वेगळं बसतो याचं तिला वाईट वाटतं, आपण वंदनेला कमी लेखतो असं तिला वाटतं.

उपासिका_नागपूर

आईंना काही सांगू नका, त्यांच्याबरोबर वंदनेला बसा. पुष्पपूजेची गाथा त्या रोज म्हणतच असतील. त्यात "पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं" येतं: हे फूल जसं कोमेजतं तसा हा देहही नाशाकडे जातो. चौथ्या दिवशी तुम्हाला शरीरात जे बघायला सांगितलं ते आई रोज सकाळी फूल वाहताना म्हणतायत. आपल्याकडे वंदना फार घाईत म्हणतात. त्या ओळीपाशी दोन श्वास थांबायचं, एवढंच सुचवा, आणि तेही त्यांनी विचारलं तर. मुलीला फूल वाहू द्या, तांदळाची मूठही तिच्याच हाताने पडू द्या.

आणि आषाढ पौर्णिमेला वर्षावास (भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम) सुरू झाला की जवळच्या विहारात संध्याकाळी बाबासाहेबांच्या "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथाचं वाचन असतं, अश्विन पौर्णिमेपर्यंत. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात आईंना घेऊन जा. बऱ्याच ठिकाणी वाचायला माणूस मिळत नाही, म्हाताऱ्यांना बारीक अक्षर दिसत नाही. तुम्ही विचारा, "मी वाचू का?" त्या दिवसाचं पान घरी एकदा मोठ्याने वाचून जा, पाली नावं अडखळतात.