परदेशी माणसांविषयी मुलांच्या मनात बसलेल्या समजुती येतात कुठून?

प्रश्न: एक प्राथमिक शिक्षिका, रत्नागिरी तालुका

सप्रेम नमस्कार. मी किनाऱ्यालगतच्या एका मराठी शाळेत तिसरी-चौथीच्या वर्गांना शिकवते. परिसर अभ्यासाच्या तासाला मी मुलांना ‘दुसऱ्या देशातला माणूस’ असे चित्र काढायला सांगितले. आफ्रिकेतला माणूस बहुतेकांनी झोपडीसमोर भाला घेऊन उभा केला, अरब उंटावर बसवला, गोऱ्या माणसाच्या गळ्यात कॅमेरा अडकवला आणि नेपाळच्या माणसाच्या हातात काठी व शिट्टी दिली. यांतल्या शेवटच्या चित्रांनी मला फार वाईट वाटले. आंबाबागांत आणि मच्छीमार बोटींवर काम करणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुले आमच्याच वर्गात आहेत. ती इतरांच्या शेजारी बसतात, मधल्या सुट्टीत त्यांच्याबरोबर खेळतात. आणि तरीही नेपाळात जिकडेतिकडे बर्फ असतो व तिथले सगळे पुरुष राखणदारीच करतात, असे बाकीची मुले ठामपणे सांगतात. परका माणूस कधी पाहिला नाही म्हणून गैरसमज होतो, हे स्पष्टीकरण माझ्या वर्गाला तरी लागू पडत नाही.

आफ्रिका हा एक देश नसून त्या खंडात 54 देश आहेत, हे मी फळ्यावर लिहून दिले. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले, पण पुढच्या चित्रात भाला तसाच राहिला. म्हणून आपणा सर्वांना विचारते की, आपल्या लहानपणी परदेशी लोकांविषयी कोणत्या समजुती होत्या, त्या कशामुळे तयार झाल्या आणि पुढे कशामुळे गेल्या? उत्तरांचा मला वर्गात खरोखर उपयोग करायचा आहे.

उत्तर: रेवदंड्याहून

बाई, आपल्या किनाऱ्यावर हा प्रकार फार जुना आहे, आणि तो लहान मुलांपुरता मर्यादित नाही. 1469 च्या सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायचा एक घोडा बरोबर घेऊन जहाजाने चौलला उतरला. आपण जाऊ तिथे लोक मागोमाग येतात आणि गोऱ्या माणसाकडे नवलाने पाहत राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याचे स्मारक आमच्या गावात आहे. पण हाच निकितिन असेही लिहितो की, या देशातील माकडांचा एक राजा असतो व त्याच्यापाशी सैन्य असते, आणि रात्री उडणाऱ्या एका पक्ष्याला कोणी मारू गेल्यास त्याच्या तोंडातून आग बाहेर पडते. बिदरपर्यंत जाऊन बाजारभाव, जेवणाच्या रीती आणि सुलतानाची मिरवणूक बारकाईने टिपणारा हा प्रौढ माणूस होता. जे त्याने स्वतः पाहिले ते बरेचसे खरे उतरले, आणि जे ऐकले तेही त्याने तितक्याच विश्वासाने लिहिले. मुलांचेही तसेच होते, असे मला वाटते.

याच्या उलट प्रकारही आमच्याकडे होता. खाडीपलीकडच्या कोर्लईतील ख्रिस्ती मुलांना आम्ही ‘पोर्तुगीज’ म्हणत असू, जणू ती परवाच जहाजातून उतरली होती. चौल 1740 मध्ये मराठ्यांकडे आले आणि पोर्तुगीज निघून गेले. ही कुटुंबे मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथलीच आहेत. त्यांच्या घरात बोलली जाणारी भाषा पोर्तुगीजातून घडली असली तरी तिच्यावर मराठीची छाप स्पष्ट दिसते. बेने इस्राएल शेजाऱ्यांबाबत याहून चमत्कारिक गोष्ट घडली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, आणि गावाच्या नावावरून पडलेली त्यांची आडनावे आमच्यासारखीच होती. हिटलरच्या जर्मनीतील ज्यूंविषयी आम्ही शाळेत वाचले, तेव्हा ते कोणी फार दूरचे, वेगळ्याच चेहऱ्यामोहऱ्याचे लोक असणार, असे आम्ही धरून चाललो. मराठीतून कीर्तन करणारे शेजारचे घर त्याच धर्माचे आहे, हे आम्हांला कोणी सांगितलेच नाही. 1948 नंतर त्यांतली बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली आणि विचारण्याची संधीही गेली.

उत्तर: मूळ गाव म्हसळा तालुक्यात, सध्या मुंबई

आमच्या गावात घरटी एक माणूस आखातात होता, त्यामुळे अरबांविषयी आम्हां मुलांना सगळे ठाऊक आहे असेच आम्ही समजत होतो. अरब म्हणजे जन्मतः श्रीमंत, कामाला हात न लावणारा, सोन्याचे घड्याळ घालणारा माणूस. आमच्या वडिलांनी आणलेल्या अत्तरावरून, ब्लँकेटवरून आणि टेपरेकॉर्डरवरून आम्ही हे चित्र रंगवले होते. घरी येत होत्या त्या फक्त वस्तू, आणि त्या वस्तूंतून आम्ही माणूस तयार केला.

वडील कुवेतला होते. ते पत्राऐवजी कधी कधी कॅसेट भरून पाठवत, आणि तीत मागून त्यांच्या खोलीतल्या लोकांचे आवाज ऐकू येत. एक केरळचा, एक इजिप्तचा, एक कराचीचा. कराचीचे चाचा आमची नावे घेऊन सलाम सांगत असत. पाकिस्तानातला माणूस कसा असतो याविषयी गावात जे बोलले जाई, त्यात हा आवाज कुठेच बसत नव्हता, आणि माझ्या मनातली पहिली समजूत तिथे हलली. कुवेतच्या लोकसंख्येत तिथले मूळ नागरिक जेमतेम एकतृतीयांश आहेत, म्हणजे वडिलांचे रोजचे जग मुख्यतः आपल्यासारख्याच परगावी आलेल्या लोकांचे होते, हे मला फार उशिरा समजले.

दुसरी गोष्ट मला वडिलांच्या एका वयस्क कुवेती सहकाऱ्यामुळे कळली. तेलाची निर्यात तिथे 1946 मध्ये सुरू झाली. त्याआधी त्यांच्या वाडवडिलांची पिढी मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारत असे, खजूर भरलेली गलबते आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणत असे आणि जहाजबांधणीसाठी इथून सागवान नेत असे. 1961 पर्यंत त्यांच्या बाजारात रुपया चालत होता. ज्यांना आम्ही जन्मतः श्रीमंत समजत होतो, त्यांचे आजोबा आमच्या आजोबांसारखेच वाऱ्याच्या भरवशावर जगणारे दर्यावर्दी होते. हे शाळेत कोणी शिकवले असते तर मला अतिशय आनंद झाला असता.

ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर वडील इतर असंख्य भारतीयांप्रमाणे इराक व जॉर्डनमार्गे अम्मानला पोहोचून विमानाने परतले. गावात तेव्हा ‘इराकी’ ही जवळजवळ शिवी झाली होती. वाटेत पाणी आणि रोटी देणारी माणसेही इराकीच होती, हे वडील प्रत्येक भेटायला येणाऱ्याला आवर्जून सांगत. मोठ्या माणसांचे बोलणे मुले दाराआडून ऐकत असतात, म्हणून हेही लिहिले.

उत्तर: गुहागर, व्यापारी जहाजावर नोकरी

आफ्रिकेपुरते सांगतो. मोंबासाला प्रथम उतरलो तेव्हा नारळ, आंबा आणि दमट हवा पाहून मला घराची आठवण झाली. मोसमी वाऱ्यांवर त्या किनाऱ्याची आणि आपल्या किनाऱ्याची ये-जा शतकानुशतके चालू होती. मुरूडचा जंजिरा दाखवताना मुलांना सिद्दी हा केवळ शत्रू म्हणून सांगितला जातो. त्याचे पूर्वज समुद्र ओलांडून आफ्रिकेतून आले, त्यांच्यातले अनेक गुलाम म्हणून आणले गेले आणि तरीही त्यांच्या वंशजांनी 1948 पर्यंत एक संस्थान चालवले, हेही त्याच सहलीत सांगावे. भाल्याचे चित्र त्याने कदाचित बदलेल.

उत्तर: आंबा बागायतदार, पावस परिसर

बाईंच्या प्रश्नातला नेपाळचा भाग माझ्या रोजच्या व्यवहारातला आहे. दिवाळीनंतर ही मंडळी येतात, फवारणीपासून पेटी भरण्यापर्यंत सगळी कामे करतात, रात्री बागेत राखण करतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आमच्या मुलांनी त्यांना पाहिले ते फक्त या कामात, हातात बॅटरी आणि वानरांना हाकलायची गलोल घेऊन. मग नेपाळ म्हणजे राखणदारांचा देश, असे त्यांनी ठरवले तर त्यांना दोष कसा द्यावा? मोठी माणसेसुद्धा प्रत्येकाला ‘गुरखा’ नाहीतर ‘बहाद्दूर’ अशीच हाक मारतात, खरे नाव विचारत नाहीत. हे मला मनापासून खटकते.

आमच्याकडे येणारे बरेचजण पश्चिम नेपाळातील कैलाली, बर्दिया या जिल्ह्यांतले आहेत. हा तराईचा सपाट मुलूख आहे. तिथे बर्फ पडत नाही, उन्हाळा कडक असतो आणि भात हे मुख्य पीक आहे. काहीजण थारू समाजाचे आहेत आणि त्यांची भाषाही नेपाळीहून वेगळी आहे. एकदा माझ्या मुलाने त्यांतल्या एकाला लावणीविषयी विचारले, तेव्हा चिखलणी कशी करतात, आवा कधी उपटतात, कोणत्या भाताला किती पाणी लागते, असे बोलणे बराच वेळ चालले. पावसाळ्यात ते आपल्या शेतावर असतात आणि आमच्या मुलांना ते दिसतात फक्त उरलेल्या महिन्यांत. 1950 च्या करारामुळे दोन्ही देशांतले लोक व्हिसाशिवाय ये-जा व नोकरी करू शकतात, म्हणून हे शक्य होते, हेही मुलांना सांगता येईल.

शिक्षिका: सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या महिन्यात नेपाळी पालकांपैकी एकांना वर्गात बोलावून शेतीविषयी बोलायला सांगावे, असे ठरवत आहे. त्यांच्या मुलाला संकोच वाटणार नाही ना, एवढीच काळजी आहे.

उत्तर: निवृत्त मुख्याध्यापक, कुडाळ

बाई, कल्पना उत्तम आहे. परंतु एकच पालक बोलावू नये. एकट्या पाहुण्यावरून मुले पुन्हा संपूर्ण देश उभा करतील. तराईतले एक आणि डोंगराळ जिल्ह्यातले एक असे दोघे बोलवावेत, शक्य झाल्यास त्यांत एक आई असावी, आणि त्याच दिवशी गावातल्या एखाद्या शेतकऱ्यालाही शेजारी बसवावे, म्हणजे नेपाळी मुलांनाही प्रश्न विचारता येतील. प्रश्न मुलांनी आदल्या दिवशी लिहून आणावेत. ‘तुमच्या देशात सगळे…’ अशी सुरुवात असलेला प्रश्न आपण परत द्यावा आणि तोच प्रश्न ‘तुमच्या घरी…’ अशी सुरुवात करून पुन्हा लिहायला सांगावा.