प्रति: देखभालीच्या वेळी अलर्ट कसे थांबवावेत

देखभालीसाठी यंत्रं बंद असताना उगाच अलर्ट येऊ नयेत म्हणून क्रॉनने (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) आधी नोटिफिकेशन बंद करायची आणि नंतर चालू करायची, हा इथे वर कुणी सुचवलेला उपाय मी टाळेन. चालू करणारी स्क्रिप्टच अडकली तर सगळं चिडीचूप, नि कुणाला पत्ता नाही. त्यापेक्षा नागिओसमध्ये (यंत्रांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) डाउनटाइम, म्हणजे अलर्ट न पाठवण्याची ठरावीक वेळ, लावा. त्याला शेवट असतो, तो आला की अलर्ट आपसूक सुरू.

आमच्या रत्नागिरीत पावसाळ्याआधी फांद्या छाटायला वीज बंद ठेवतात. दहाला जाणार म्हणतात, जाते अकराला. वर यूपीएस अजून थोडं ओढतो. अशा ठिकाणी ठरल्या वेळीच सुरू होणारा 'फिक्स्ड' डाउनटाइम नको, 'फ्लेक्सिबल' घ्या. दिलेल्या वेळेच्या टप्प्यात होस्ट (नजरेखालचं यंत्र) प्रत्यक्ष बंद पडला की तिथून कालावधी मोजला जातो. टप्पा मात्र ऐसपैस ठेवा.

राजापूर-लांज्यासारख्या शाखांत नागिओसमध्ये राउटरला मागच्या यंत्रांचा 'पॅरेंट' करा, म्हणजे त्यांच्याकडे जायची वाट राउटरमधून आहे हे त्याला कळतं. लाइन तुटली की मागची यंत्रं 'डाउन' (बंद) नाही, 'अनरीचेबल' (पोचता न येणारी) दिसतात. या 'अनरीचेबल'ची नोटिफिकेशन काढली की रात्री एकच मेसेज.

नागिओसऐवजी प्रोमिथियस हे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनो, एएमटूलने (त्याच्या अलर्टमॅनेजरची कमांड) सायलेन्स, म्हणजे अलर्ट गप्प करणं, लावताना मुदत दिली नाही तर तो तासाभरात संपतो. दर आठवड्याच्या कामाला टाइम इंटरव्हल (कॉन्फिगमध्ये लिहिलेली ठरावीक वेळ) बरा, पण त्यात लोकेशन 'आशिया/कोलकाता' लिहा. नाहीतर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरून साडेपाच तासांचा घोळ.

आणि मॉनिटरिंग सर्व्हर त्याच इमारतीत असेल तर हे सगळं फुकट. २०२०च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडात कित्येक दिवस वीज नव्हती. एक हार्टबीट ('मी चालू आहे' असा ठरावीक वेळाने जाणारा संदेश) जिल्ह्याबाहेरच्या यंत्रावर पाठवत राहा; तो थांबला की तिकडून फोन वाजला पाहिजे.